जुन्या मोटारी चालत्या राहाव्यात

महोदय,
दुर्मीळ जुन्या मोटारी जतन करणे हा केवळ श्रीमंतांचा शौक, असा समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु नागपूरच्या उन्हात फियाट ११०० किंवा लँडमास्टरसारखी जुनी गाडी चालवणाऱ्याला पैशापेक्षा चिकाटीच अधिक लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की इंजिनाला लागून असलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते, गाडी भर सीताबर्डीत बंद पडते आणि पंपावर ओले फडके गुंडाळून ती निवण्याची वाट पाहावी लागते. त्यातच २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आले असून, त्या काळच्या रबरी नळ्या व पॅकिंग त्यात तग धरत नाहीत.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हीए’ या खास मालिकेतील नोंदणी क्रमांकाची सोय केली, हे स्वागतार्हच आहे. मूळ स्वरूपात मोठा फेरफार केलेले वाहन त्यात बसत नाही, ही अटही मला योग्य वाटते. जुन्या सांगाड्यात नवे इंजिन बसवणाऱ्यांनी त्याला जतन म्हणू नये. मात्र सुरक्षिततेसाठी बदललेल्या नळ्या व वायरी याही फेरफार ठरतात का, याचा खुलासा परिवहन खात्याने मराठीतून करावा. शहरातील आयटीआयमध्ये कार्बोरेटर व डायनामो या जुन्या गाड्यांतील भागांच्या दुरुस्तीचे शिक्षणही मिळावे, कारण हे काम जाणणारे मिस्त्री आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर