पाणबुडी सापडली, आता भंगारवाल्यांपासून वाचवा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

महायुद्धाच्या आठवणी निघाल्या की विमानं, रणगाडे, मोठमोठ्या युद्धनौका सगळ्यांवर भरभरून लिहून येतं, पाणबुड्यांचं मात्र एखाद्या ओळीत उरकतात. दुसऱ्या महायुद्धात एकट्या अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या गेल्या, माणसं साडेतीन हजारांच्या आसपास. जर्मनांचं तर विचारूच नका, त्यांच्या यू-बोटींवरच्या (म्हणजे पाणबुड्यांवरच्या) साधारण ४० हजारांपैकी जवळपास ३० हजार मेले (नाझींच्या बाजूने लढत होते हे मान्य, पण घरी वाट बघणारे त्यांचेही होतेच की).

जहाज बुडालं तर निदान कुणीतरी बघितलेलं असतं, वाचलेला एखादा काय झालं ते सांगतो तरी. पाणबुडी मात्र परतच येत नाही, एवढंच. वायरलेसला उत्तर नाही, परतायची तारीख उलटून जाते, मग कधीतरी घरी तार, बेपत्ता म्हणून, बस्स. अमेरिकेच्या ग्रेबॅक पाणबुडीचंच घ्या, २८ जानेवारी १९४४ ला पर्ल हार्बरहून निघाली, महिन्याभरात जपानी विमानाच्या बॉम्बने ओकिनावाच्या दक्षिणेला ८० जणांसकट बुडाली, आणि जपानी नोंदी वाचताना रेखांशाचा एक आकडा चुकीचा उतरवला गेला म्हणून पंचाहत्तर वर्षं सगळे शंभरेक मैल भलतीकडेच तिची जागा धरून बसले होते. एका आकड्यापायी! २०१९ मध्ये सापडली तेव्हा नावाची पाटी अजून जागेवर होती.

सापडली हे चांगलंच झालं, पण माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. जागा कळली की ती भंगारवाल्यांनाही कळते. डच पाणबुडी ओ १६ डिसेंबर १९४१ मध्ये मलायाजवळ सुरुंग लागून बुडाली, ४२ पैकी एकच जण वाचला. १९९५ मध्ये ती सापडली आणि पुढे चोरांनी तिचं लोखंड, कासं सगळं ओरबाडून नेलं. डिसेंबर १९४१ मध्येच बुडालेल्या के १७ या दुसऱ्या डच पाणबुडीचीही तीच गत. अहो, आत माणसं आहेत ना! बुडालेली युद्धनौका ज्या देशाची त्याचीच राहते वगैरे नियम आहेत, पण भर समुद्रात पहारा देणार कोण? आसपासच्या देशांनी बंदरात उतरणारं भंगार तपासलं तरी पुष्कळ होईल.

आणि एक विनंती तुम्हालाही. अशी बातमी आली की 'समुद्रातलं गूढ उकललं' एवढ्यावर थांबू नका, बोटीचं नाव, बुडाल्याची तारीख, आत किती जण होते हे जरूर द्या. अक्षांश-रेखांश मात्र हाताशी असले तरी छापू नका.

आपला,
एक नियमित वाचक