खिळ्यावरची पिशवी

काकू,

नाशिकच्या सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाच्या, मागच्या गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान, एवढाच तुमचा पत्ता मला माहीत आहे. नाव विचारायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितो आहे. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

काल गिरणाऱ्याच्या आमच्या सव्वा एकराचा नवा सातबारा हातात आला. आईचं, धाकट्याचं आणि माझं नाव लागलं. बाबांच्या नावावर आडवी रेघ आली. रात्री जेवण झाल्यावर बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसलो होतो. सहा वर्षं मी चुकवत होतो ती हीच रेघ.

बाबा गेले ऑगस्ट २०१९ मध्ये. महिन्याच्या सुरुवातीला गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला होता, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाण्यानं वेढलं होतं, आणि त्या धावपळीत आम्ही त्यांना घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या मारत होतो. मृत्यूचा दाखला मिळाला तसा मी तो एका जांभळ्या पिशवीत टाकला. जुना सातबारा, आठ अ चा खातेउतारा, रेशन कार्ड, सगळ्यांचे आधार, सगळं त्याच पिशवीत. पिशवी कपाटावर गेली. दिवाळी झाली की करू. मग द्राक्षाची छाटणी झाली की करू. मग कोरोना आला आणि कारण शोधायचीही गरज उरली नाही. वारसाहक्कानं जमीन आली की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं, असं १९६६ चा जमीन महसूल कायदा सांगतो. मी सहा वर्षं घेतली.

या चालढकलीची किंमत मी मोजली नाही, ती भावानं मोजली. शेत तो कसतो. गारपिटीची भरपाई आली तेव्हा खातेदार मयत म्हणून ती अडकली. पीककर्जाला गेला तर बँकेनं सातबारा बघून परत पाठवलं. शेतकरी ओळखपत्र काढायला गेला तेव्हाही तेच. तो मला एका शब्दानं बोलला नाही. घरी येऊन पिशवीवरची धूळ पुसायचा आणि ती पुन्हा कपाटावर ठेवायचा, बस. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

मी काहीच केलं नाही असंही नाही. एका एजंटाला तीन हजार आगाऊ दिले. त्यानं पुढं फोन उचलणंच बंद केलं. गंगापूर रोडला दोन दिवसांचं शिबिर केलं, वेळेचं नियोजन शिकवणारं. जाड डायरी मिळाली, सकाळी पाचला उठायचं सांगितलं, आणि शेवटी स्टेजवरून ऐकवलं की काम टाळणाऱ्या माणसाला आयुष्याची किंमत नसते. काकू, मी खाली मान घालून घरी आलो आणि पुढचे आठ महिने त्या पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. नातेवाइकांचं तर ठरलेलंच होतं, 'तुझं नेहमीचंच भिजत घोंगडं.' यातल्या एकानंही विचारलं नाही की बाबा रे, नेमकं अडतंय कुठं.

त्या दिवशी दुपारी मी तुमच्या दुकानात आलो तो अर्धा दिवस रजा टाकून. स्टॅम्पपेपर घेणार होतो, प्रतिज्ञापत्र करणार होतो. झेरॉक्स झाल्या. तुम्ही अर्ज पुढं ठेवलात. पहिल्याच ओळीत 'मयत खातेदाराचे नाव' असं छापलं होतं. माझा पेन तिथंच थांबला. मी म्हणालो, "आज उशीर झालाय काकू, उद्या येतो." हे वाक्य माझ्या तोंडी इतकं बसलं होतं की ते खोटं आहे हे मलाही कळत नव्हतं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागावला नाहीत, समजूतही घातली नाहीत. सगळे कागद नीट जुळवून पिशवीत भरलेत, त्यावर चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावलीत आणि माझं आडनाव लिहिलंत. मग काउंटरमागच्या भिंतीला एक खिळा होता, त्यावरचं कॅलेंडर काढून खाली ठेवलंत आणि तिथं माझी पिशवी अडकवलीत.

"पिशवी घरी नेऊ नका भाऊ. घरी गेली की परत कपाटावर जाईल. इथं राहू दे. उद्या दहाला दुकान उघडते मी. या, आणि इथंच स्टुलावर बसून लिहा."

कपाटाचं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. पिशवीच्या घडीत बसलेली धूळ बघून तुम्ही ओळखलं असणार.

त्या रात्री सहा वर्षांत पहिल्यांदा ती पिशवी आमच्या घरात नव्हती. कपाटावर तिच्या आकाराची स्वच्छ जागा दिसत होती. आईनं विचारलं, "पिशवी कुठं गेली?" म्हटलं, कामाला गेली. आणि सकाळी मला ऑफिसला जाण्याआधी सीबीएसला जावंच लागलं, कारण बाबांचा दाखला तिथं होता.

दहाला पाच कमी असताना तुम्ही शटर वर करत होतात. स्टूल पुढं सरकवलंत. मी पुन्हा त्याच ओळीशी अडलो, तर म्हणालात, "ती ओळ सोडा. खालचं भरा. वरचं शेवटी लिहू." मी खालून वर भरत गेलो. गट नंबर, क्षेत्र, वारसांची नावं. सगळ्यात शेवटी बाबांचं नाव लिहिलं तेव्हा तुम्ही पाठ करून मशीनमध्ये कागद भरत होतात. माझे डोळे भरले होते आणि तुम्ही मुद्दाम वळला होतात, हे मला तेव्हाही कळलं होतं. पुढचे हेलपाटे काय, ते सगळ्यांनाच माहीत आहेत.

नंतर मी यावर थोडं वाचलं. फुशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल या दोन अभ्यासकांनी २०१३ मध्ये मांडलंय की चालढकल हा मुळात वेळेच्या हिशेबाचा प्रश्न नसतो. त्या कामाशी चिकटलेली वाईट भावना नको असते म्हणून माणूस तात्पुरता सुटका करून घेतो. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं १९९९ चं लिखाण सांगतं की नुसतं 'करीन' म्हणण्यापेक्षा कधी, कुठं आणि कसं हे ठरलं की काम होण्याची शक्यता वाढते. सकाळी दहा, तुमचं दुकान, ते स्टूल. तुम्ही यातलं काही वाचलं असेल असं वाटत नाही. समोरचा माणूस आळशी नाही, दुखावलेला आहे, हे तुम्हाला दिसलं. शिबिरातल्या माणसाकडे माईक होता, फी होती, पण ही नजर नव्हती. आपल्या गावात अशी माणसं आहेत, त्यांच्या जिवावर कितीतरी घरांची कामं मार्गी लागतात. कोर्टाबाहेर 'त्या खिडकीत नको, पलीकडच्या खिडकीत जा' असं सांगणारा चहावाला असतो. म्हाताऱ्या माणसाला जिना चढताना बघून त्याची फाईल हातात घेणारा शिपाई असतो. त्यांचा सत्कार कुणी करत नाही. तुमच्या दुकानावर तर धड पाटीसुद्धा नाही.

झेरॉक्सचे बावीस रुपये तेवढे घेतलेत तुम्ही. वरचे द्यायला लागलो तर हात मागे घेतलात.

आता घरात कुठलंही काम अडलं की मी कागद घराबाहेर काढतो. आईच्या पेन्शनचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला शेवटच्या दिवसावर यायचा. यंदा तिचं पासबुक शेजारच्या वहिनींकडे ठेवलं आणि सांगितलं, सोमवारी साडेदहाला आई ते घ्यायला येईल, तिला रिक्षात बसवून द्या. पहिल्याच आठवड्यात काम झालं. दाढेचं मात्र अजून राहिलंय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, गुरुवारची.

भावाला सातबारा दाखवला तेव्हा तो काही बोलला नाही. जांभळी पिशवी धुऊन वाळत घातली त्यानं.

मंगळवारी दहाला दुकानात येतो आहे. सोबत आई असेल. तिला तो खिळा बघायचा आहे.

तुमचा,
स्टुलावर बसून अर्ज भरणारा