अणुभट्टीच्या पॅनेलवर बसणाऱ्याची परीक्षा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अणुवीज विस्ताराच्या बाजूने आणि विरोधात आपल्या दैनिकात येणारी पत्रे मी गेले काही महिने नेमाने वाचत आहे. जमीन, मासेमारी, किरणोत्सर्ग, विजेचा दर, परदेशी कंपन्यांचे दायित्व या सगळ्यांवर वाचकांनी तळमळीने लिहिले आहे. मात्र रात्री तीन वाजता नियंत्रण कक्षात पॅनेलसमोर जो माणूस बसलेला असतो, त्याची परीक्षा कोण घेतो, कशी घेतो आणि त्या परीक्षेत त्याला खरोखर नापास केले जाते का, याबद्दल कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. म्हणून हे पत्र.

मी औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेला अभियंता आहे. आमच्याकडे बॉयलरचा ताबा घ्यायचा तर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. बॉयलरमधली पाण्याची पातळी ज्या काचेच्या नळीत दिसते, तिला गेज ग्लास म्हणतात. लेखी परीक्षेनंतरच्या तोंडी परीक्षेत मला पहिल्या वेळी विचारले गेले, "गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नाही. काय कराल?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "फीड वाढवीन," म्हणजे बॉयलरमध्ये सोडले जाणारे पाणी वाढवीन. समोरच्या परीक्षकांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे विचारले, "काच कोरी आहे. पाणी काचेच्या खाली गेले आहे की काचेच्या वर, हे तुम्हाला कोणी सांगितले?" पाणी वर असेल तर ते वाफेबरोबर टर्बाइनपर्यंत जाणार, खाली गेले असेल तर तापलेल्या नळ्यांवर थंड पाणी पडून अनर्थ होणार. आधी खात्री करायची आणि खात्री होत नसेल तर आग बंद करायची, हे उत्तर मला पुस्तकातून पाठ होते, पण समोर प्रश्न आल्यावर हात सवयीच्या दिशेने गेला. त्या वर्षी मला अनुत्तीर्ण करण्यात आले आणि ते योग्यच होते. पुढची अनेक वर्षे शिफ्टमध्ये कोणताही काटा संशयास्पद दिसला की ती खाली ठेवलेली पेन्सिल मला आठवत असे.

अणुभट्टीच्या बाबतीत हा प्रश्न कित्येक पटींनी गंभीर होतो, आणि त्याचे कारण साधे आहे. बॉयलरची आग बंद केली की नवी उष्णता निर्माण होणे थांबते. अणुभट्टी ट्रिप केली, म्हणजे तातडीने बंद केली, साखळी प्रक्रिया थांबली, तरी इंधनात साठलेल्या किरणोत्सारी द्रव्यांच्या क्षयातून उष्णता निघतच राहते. त्या पहिल्या क्षणी ती पूर्ण औष्णिक क्षमतेच्या साधारण सहा-सात टक्के असते आणि तासाभराने एक-दीड टक्क्यावर येते. टक्के ऐकायला लहान वाटतात. पण तारापूरच्या ५४० मेगावॉट वीज देणाऱ्या एका संचाची औष्णिक क्षमता, म्हणजे त्यात निर्माण होणारी उष्णता, सतराशे मेगावॉटहून अधिक आहे; म्हणजे भट्टी 'बंद' केल्याच्या क्षणी शंभराहून अधिक मेगावॉट उष्णता इंधनात शिल्लक असते आणि ती बाहेर काढण्यासाठी पाणी फिरतेच ठेवावे लागते. पॅनेलवरच्या माणसाची खरी कसोटी भट्टी बंद झाल्यानंतर सुरू होते.

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या संचात नेमके हेच घडले. वाफेसाठी पाणी पुरवणारे फीड वॉटरचे पंप बंद पडले, टर्बाइन ट्रिप झाले, काही सेकंदांत भट्टीही ट्रिप झाली. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि तो काही सेकंदांत मिटायला हवा होता. तो अडकून उघडाच राहिला. पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्ह मिटल्याचे सुचवत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती न दाखवता त्याला गेलेला विद्युत संदेश दाखवत होता. भट्टीतले पाणी त्या व्हॉल्व्हवाटे निघून जात होते आणि तरीही प्रेशरायझरमधली, म्हणजे भट्टीतल्या पाण्याचा दाब राखणाऱ्या टाकीतली, पाण्याची पातळी चढताना दिसत होती. प्रेशरायझर कधीही पाण्याने पूर्ण भरू द्यायचा नाही, हे तिथल्या ऑपरेटरांच्या प्रशिक्षणात मनावर बिंबवलेले होते. म्हणून त्यांनी आपोआप सुरू झालेले आपत्कालीन पाणी स्वतःच्या हाताने कमी केले. तो व्हॉल्व्ह ज्या वाटेवर होता, ती वाट बंद होईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ गेला होता आणि भट्टीच्या गाभ्याचा साधारण निम्मा भाग वितळला.

हे सर्व ऑपरेटर परवानाधारक होते. ते झोपले नव्हते, निष्काळजी नव्हते. ते शिकवल्याप्रमाणे वागले. गेज ग्लासच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले, त्याच जातीची चूक त्यांच्या हातून झाली. फरक इतकाच की मला ती चूक परीक्षेच्या टेबलावर करायला मिळाली. त्यांच्या परीक्षेने तो प्रश्न त्यांना कधी विचारलाच नव्हता. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने ऑपरेटरांच्या प्रशिक्षणातील उणिवांवर स्पष्ट बोट ठेवले. ज्या सिम्युलेटरवर, म्हणजे सरावासाठीच्या नकली पॅनेलवर, त्यांचा सराव झाला होता, त्यावर अशा प्रकारचा प्रसंग उभा करण्याची सोयच तोपर्यंत नव्हती. त्याहून खेदाची गोष्ट म्हणजे सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात असाच व्हॉल्व्ह अडकला होता आणि तिथे तो वेळेवर लक्षातही आला होता. पण त्या घटनेचा धडा थ्री माइल आयलंडच्या माणसांपर्यंत पोहोचला नाही.

त्यानंतर अमेरिकेने परीक्षा बदलली. उत्तीर्ण होण्याची मर्यादा ७० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेली आणि केंद्राच्या नियंत्रण कक्षाची हुबेहूब प्रतिकृती असलेल्या सिम्युलेटरवरील परीक्षा कालांतराने सक्तीची झाली. तिथल्या अणु नियामक आयोगाच्या पद्धतीत रिअॅक्टर ऑपरेटरची लेखी परीक्षा ७५ प्रश्नांची असते आणि वरिष्ठ ऑपरेटरला त्यावर आणखी २५ प्रश्न सोडवावे लागतात. सिम्युलेटरवर एकामागून एक बिघाड घालून संपूर्ण चमू एकमेकांशी कसा बोलतो, कोण कोणाला थांबवतो, हे परीक्षक मागे उभे राहून पाहतात. शिवाय उमेदवाराला केंद्रात प्रत्यक्ष फिरवून 'हे काम आत्ता, इथे, कसे कराल?' असे विचारले जाते. परवाना सहा वर्षांचा असतो, पण त्या काळातही दर वर्षी सिम्युलेटर आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा आणि दोन वर्षांतून एकदा सविस्तर लेखी परीक्षा चुकत नाही. आणि ज्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे ती गोष्ट अशी, की परवान्याच्या या परीक्षेची प्रश्नपत्रिका उत्तरसूचीसह नंतर सार्वजनिक केली जाते. पेनसिल्व्हेनियातला एखादा शिक्षक किंवा शेतकरी आपल्या गावाजवळच्या केंद्रातील ऑपरेटरला काय विचारले गेले, हे घरी बसून वाचू शकतो.

तिथली सगळीच व्यवस्था मला पटते असे नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वीज कंपनीने स्वतः प्रश्नपत्रिका तयार करून आयोगाच्या मान्यतेसाठी पाठवण्याची मुभा तिथे आहे. आयोग ती तपासतो, बदलायला लावतो, हे खरे; तरीही ज्याला माणसे लवकर कामावर हवी आहेत, त्यानेच प्रश्न काढावेत हे मला मूळात चुकीचे वाटते. आपण हे अनुकरण करू नये.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ हे परवाने देते. पॅनेल हाताळणाऱ्या कंट्रोल इंजिनिअरपासून पाळीचा प्रमुख असलेल्या शिफ्ट चार्ज इंजिनिअरपर्यंतच्या पदांवर परवान्याशिवाय काम करता येत नाही. लेखी परीक्षा, चेकलिस्ट, वॉक-थ्रू (केंद्रात फिरत जागेवर होणारी प्रश्नोत्तरे), सिम्युलेटर आणि शेवटी समितीसमोर मुलाखत अशा पायऱ्या चढून माणूस पॅनेलपर्यंत पोहोचतो. माझा पुतण्या एका अणुवीज केंद्रात या परीक्षेची तयारी करत असताना दिवाळीला घरी आला होता. सगळे फराळ करत बसलेले आणि हा गॅलरीत जमिनीवर आलेख कागद पसरून, डोळे मिटून, एकेक पाइपलाइन आठवून काढत होता. हा पंप कोणत्या बसवरून (वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीवरून) चालतो, ती बस गेली तर कोणता डिझेल जनरेटर येतो, हा व्हॉल्व्ह कोणत्या मजल्यावर आहे आणि हँडव्हील कोणत्या बाजूला आहे, हे तो पुटपुटत होता. मी विचारले, "हँडव्हीलची बाजू कशाला?" तो म्हणाला, "काका, अंधारात जावं लागलं तर?"

हे उत्तर मला उगाच वाटले नाही, कारण आपल्याच देशात तसे जावे लागलेले आहे. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्राच्या पहिल्या संचात टर्बाइनची पाती तुटली, जनरेटरमधील हायड्रोजन गळून पेटला, केबल जळाल्या आणि पर्यायी व्यवस्थेसकट सारी वीज गेली. नियंत्रण कक्षात धूर भरल्याने माणसांना तो सोडावा लागला. भट्टी बंद केली गेली होती, पण वर म्हटल्याप्रमाणे उष्णता निघतच होती. त्या माणसांनी डिझेलवर चालणारे अग्निशमन पंप सुरू करून ते पाणी भट्टीची उष्णता घेऊन वाफ करणाऱ्या स्टीम जनरेटरमध्ये सोडले आणि टॉर्चच्या उजेडात भट्टीच्या इमारतीत वर चढून साखळी प्रक्रिया दाबून ठेवणारे बोरॉनयुक्त द्रावण सोडणारे व्हॉल्व्ह हाताने उघडले. सुमारे १७ तास केंद्र विजेशिवाय होते, आणि बाहेर किरणोत्सार झाला नाही. व्हॉल्व्ह कुठे आहे हे त्या माणसांच्या पायांना ठाऊक होते, म्हणून ही रात्र निभावली. परीक्षेतील चेकलिस्ट आणि वॉक-थ्रू यांना जे लोक कागदी सोपस्कार समजतात, त्यांनी नरोऱ्याची ही हकिगत जरूर वाचावी.

आता चिंतेचा मुद्दा. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज क्षमतेचे उद्दिष्ट आणि खासगी क्षेत्राच्या सहभागासाठी कायदे बदलण्याचा मनोदय जाहीर झाला. त्या वेळी देशाची क्षमता होती सुमारे आठ गिगावॉट. यंत्रे विकत घेता येतात, काँक्रीट ओतता येते. परवानाधारक माणूस मात्र पदवीनंतर काही वर्षे घडवावा लागतो आणि तोही एका विशिष्ट प्रकारच्या केंद्रासाठी. तारापूरचेच पाहा. १९६९ पासूनचे पहिले दोन संच उकळत्या पाण्याच्या भट्टीचे, तिथे भट्टीतच वाफ होऊन ती थेट टर्बाइनला जाते; शेजारचे तिसरा आणि चौथा संच जड पाण्याचे, नैसर्गिक युरेनियमवर चालणारे. एकाच आवारात असूनही एकीकडच्या ऑपरेटरला दुसरीकडचे पॅनेल हाताळता येत नाही, येऊही नये. जैतापूरला तर १६५० मेगावॉटचे सहा फ्रेंच संच प्रस्तावित आहेत. त्या जातीची भट्टी आपल्या देशात एकही नाही. तिथला पहिला शिफ्ट चार्ज इंजिनिअर कोणत्या सिम्युलेटरवर शिकणार आणि त्याची परीक्षा घेण्याइतका त्या भट्टीचा जाणकार परीक्षक नियामक मंडळाकडे केव्हा तयार होणार, हे प्रकल्पाजवळच्या माडबन आणि साखरी नाटे येथील लोकांनी विचारले तर तो विरोधासाठी विरोध ठरू नये. घाई झाली की सर्वांत आधी परीक्षा सैल होते, हे मी औष्णिक केंद्रातही पाहिले आहे: संच सुरू करण्याची तारीख ठरलेली असते, माणसे कमी असतात, आणि मग 'या वेळी सांभाळून घ्या' असा फोन येतो.

म्हणून अणुऊर्जा नियामक मंडळाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. परवान्याच्या लेखी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका परीक्षा झाल्यावर ठरावीक काळाने, केंद्राच्या सुरक्षाबंदोबस्ताशी संबंधित भाग वगळून, सार्वजनिक कराव्यात. त्यामुळे उमेदवार प्रश्न पाठ करतील असा आक्षेप येईल. त्यावर अमेरिकेत जुने प्रश्न किती प्रमाणात वापरावेत याचे नियम आहेत, आणि तसे नियम आपल्यालाही करता येतील. दुसरे, प्रत्येक केंद्रात किती जण परीक्षेला बसले, किती उत्तीर्ण झाले आणि किती जणांना परत पाठवले, हे तिन्ही आकडे दर वर्षी पदवार मिळावेत. मला स्वतःला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण वर्षानुवर्षे कोणीच नापास होत नसेल तर एक तर प्रशिक्षण अत्युत्तम आहे किंवा परीक्षा सैल आहे, आणि बाहेरच्या माणसाने प्रश्नपत्रिका पाहिल्याशिवाय यांतले खरे काय हे ठरवता येणार नाही. तिसरे, उद्या केंद्र सरकारी असो वा खासगी, प्रश्न काढणे आणि अंतिम मुलाखत घेणे हे काम मंडळाने कंपनीकडे सोपवू नये.

आणि ही सगळी माहिती पालघर आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील लोकांना मराठीत मिळावी. केंद्राच्या आसपासच्या गावांत आपत्कालीन सराव होतात. त्या वेळी सायरन वाजल्यावर घरात कसे थांबायचे हे सांगितले जाते. ज्याच्या हातात तो सायरन वाजूच नये हे असते, त्याची पात्रता कशी ठरते, हे त्याच गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर एका पानात सांगता येईल.

मंडळाकडून या मागण्यांवर उत्तर आले, तर ते याच सदरात प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औष्णिक वीज अभियंता,
बोईसर, जि. पालघर