कन्याकुमारीपर्यंत सोबत करणाऱ्यांनो

कोल्हापूर ते कन्याकुमारी सायकलनं पोहोचलो, ते तुमच्यामुळं. पहाटे रंकाळ्यावर निरोप द्यायला आलेल्या सगळ्यांचे आभार. निपाणीपुढं तवंदी घाटात मी सायकल ढकलत होतो, तेव्हा ट्रक हळू करून ‘आलाच की घाट वर, दादा!’ असं ओरडलेले ड्रायव्हरकाका, तो आवाज पुढं प्रत्येक चढाला आठवला. चित्रदुर्गाजवळ पवनचक्क्यांचं वारं तोंडावर, त्यात टायर फाटला. पंक्चरवाल्या अण्णांनी बंद केलेलं दुकान परत उघडलं. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कन्नड. पैसे घेतलेच नाहीत, वर डब्यातली भाकरी दिली.

आणि सेलमपासून मदुराईपर्यंत शेजारी सायकल चालवणाऱ्या दोस्तांनो, दसऱ्याला कोल्हापूरला या. तांबडा-पांढरा आमच्याकडं.