पंप मारून लागणारा ब्रेक घाटात नेऊ नका

महोदय,

दिवाळीची सुट्टी लागली की महाबळेश्वर पाहून आंबेनळी घाटाने कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. घाटाच्या पायथ्याशी, पोलादपुरात, माझे गॅरेज आहे. त्यातल्या काही गाड्या घाट उतरल्या उतरल्या माझ्या दारात येऊन थांबतात. तक्रार ठरलेली : ब्रेक खाली जातोय. आणि लगेच पुढचे वाक्य, "जरा हवा काढून द्या, पुढे गणपतीपुळ्याला जायचंय." ब्रेकमध्ये हवा आहे की नाही हे न बघताच ती काढायची, ही पद्धत गाडीवाल्यांनी आणि आम्ही मेकॅनिक लोकांनी मिळून पाडली आहे. ती बंद व्हावी म्हणून हे पत्र.

पेडल कसे बिघडले आहे हे पायाला बरेचसे कळते. दाबल्यावर स्पंजसारखे लागत असेल आणि दोन-तीनदा पंप मारल्यावर वर येऊन टणक होत असेल, तर लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांत, हवा असण्याची शक्यता जास्त. पहिल्या दाबाला खोल जाते, पण जिथे लागते तिथे घट्ट लागते, अशा वेळी आधी मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) ॲडजस्ट करावेत. तिथे हवा काढून काही होत नाही. तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. पाय स्थिर ठेवला तरी पेडल सावकाश खाली सरकत राहते. याचा अर्थ दाब कुठून तरी निसटतो आहे, आणि अशी गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये.

ही तपासणी घरच्या घरी होते. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. पेडल चार-पाच वेळा दाबून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपवा. मग दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. ते तसूभरही हलता कामा नये. हेच एकदा जोराने आणि एकदा अगदी हलक्या पायाने करा. हलक्या पायाची तपासणी बहुतेक जण गाळतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर. त्यातल्या रबर कपाची कड झिजली असेल, तर जोराच्या दाबाने ती भिंतीला चिकटते आणि ब्रेक उत्तम वाटतो. हलक्या दाबाला मात्र ऑइल कडेवरून मागे निसटते. सिग्नलला उभे असताना पेडल बुडत जाते ते यामुळेच. शेवटी पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जाईल. तो बूस्टरचा गुण आहे, बिघाड नव्हे.

मागच्या हंगामात अशीच एक गाडी आली. आधी दोन ठिकाणी हवा काढून झाली होती, शू नवे टाकले होते. ब्रेक ऑइलच्या टाकीत ऑइल पुरेसे, चारही चाके आतून कोरडी. हलक्या पायाने दाबले तर पेडल मॅटला टेकले. मास्टर सिलिंडरचे नळ्यांकडे जाणारे मार्ग प्लग लावून बंद केले, तरीही ते बुडतच राहिले. म्हणजे नळ्या आणि चाके निर्दोष, दोष मास्टर सिलिंडरच्या पोटात. खोलल्यावर तळाशी काळा गाळ, कपाची कड एका बाजूने झिजलेली आणि बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नखाला लागतील एवढे गंजाचे खड्डे. अशा बोअरमध्ये नुसते नवे रबर किट टाकून पैसे वाचवा असे सांगणारे भेटतात. मी ते काम करत नाही. नवा कपही त्याच खड्ड्यांवरून घासणार. पूर्ण मास्टर सिलिंडरच बदलला, आणि तो आधी व्हाइसला धरून ऑइलने भरून घेतला, म्हणजे आत हवा अडकत नाही.

टाकीतले ऑइल कमी होते आणि बाहेर थेंब दिसत नाही, तर दोन जागा बघाव्यात. ड्रम काढून व्हील सिलिंडरचे (शू ढकलणाऱ्या चाकातल्या छोट्या सिलिंडरचे) रबरी टोपण उचला, आत ओल सापडेल. तिथे कोरडे असेल तर मास्टर सिलिंडर बूस्टरपासून सोडवून मागे बोट फिरवा. आमच्याकडे खाऱ्या हवेच्या गावांतल्या गाड्यांचे लोखंडी पाइपही गंजून झिरपतात.

आता घाटाबद्दल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ दर्जाचे ऑइल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथून सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाडीचे जुने ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जाते. अर्ध्या तासाने गाडी थंड होते, ब्रेक पहिल्यासारखा लागतो आणि माणूस म्हणतो, "आता ठीक आहे." ठीक काहीच झालेले नसते. उतारावर दुसरा गिअर, गरज पडल्यास पहिला, आणि दर दोन वर्षांनी सीलबंद डब्यातले नवे ऑइल, याला पर्याय नाही. दुकानदारांनीही महिनोन्महिने उघड्या पडलेल्या डब्यातले सुटे ऑइल विकू नये.

पीयूसीत फक्त धूर तपासतात. खासगी मोटारीची ब्रेकसह सरकारी तपासणी होते ती नोंदणीला १५ वर्षे झाल्यावर. तोवर सगळे मालकाच्या पायावर आहे. म्हणून परिवहन विभागाला विनंती, की घाट सुरू होण्याआधी महाबळेश्वरच्या बाजूला, गाडी थांबवायला जागा असेल तिथे, अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीचा मराठीत मोठा फलक लावावा आणि गर्दीच्या दिवसांत तिथे एक माहितगार माणूस उभा करावा. आपल्या वृत्तपत्रानेही दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी ही तपासणी पहिल्या पानावर चौकटीत छापावी. फलक लिहून द्यायला आणि सुट्टीच्या दिवशी तिथे उभे राहायला मी तयार आहे.

— एक मोटार मेकॅनिक, पोलादपूर (जि. रायगड)