नाली आहे, पण तिच्यात पाणी उतरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की नागपुरातल्या नद्यांतून किती टिप्पर गाळ निघाला याचे आकडे छापून येतात. नाग, पिली आणि पोरा नदीतला गाळ काढलाच पाहिजे, यात दुमत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत लोक झोपेत असताना पाणी शिरले. ते संकट तलावाचे आणि नदीचे होते. पण नदीपासून दूर असलेल्या वस्त्यांतही अर्ध्या तासाच्या सरीने गुडघाभर पाणी साचते. त्याचे कारण घरासमोरच्या रस्त्यातच आहे.

सिमेंट रस्त्याचा वरचा थर साधारण 20 सेंटिमीटर आणि खालचा डीएलसीचा, म्हणजे कमी सिमेंटच्या कोरडसर काँक्रीटचा, 10 ते 15. जुना डांबरी रस्ता न खोदता त्यावरच हे थर ओतले की रस्ता फूटभर वर येतो. घराची एक पायरी सहा इंचांची, म्हणजे दोन पायऱ्या गेल्या. पूर्वी आवारातले पाणी रस्त्यावर उतरायचे, आता रस्त्याचे पाणी फाटकाखालून आवारात येते.

खरी गोम मात्र कडेला आहे. रस्ता आणि पावसाळी नाली यांच्यामधल्या पट्ट्यात गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवतात. ते रस्त्यापेक्षा दोन बोटे उंच राहिले तरी त्यांची पाळ होते. मग रस्ता तुडुंब आणि पलीकडची नाली रिकामी. या पाळीखालून चार इंची पाइप टाकलेले असतात खरे, पण बांधकामाची रेती, कडुनिंबाचा पाला आणि खर्ऱ्याच्या पन्न्या पहिल्याच सरीत त्यांचे तोंड बुजवतात.

हिशेब करून पाहा. दहा मीटर रुंद, शंभर मीटर लांब रस्त्यावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर ते 50,000 लिटर पाणी झाले. काँक्रीटवर मुरणे जवळपास नाहीच, त्यामुळे त्यातले 45,000 लिटर तरी वाहते, म्हणजे मिनिटाला 750 लिटर. हजार चौरस फुटांची एकेक गच्ची त्याच तासात आणखी साडेचार हजार लिटर सोडते, ते वेगळेच. एवढे पाणी अर्धवट बुजलेल्या चार इंची पाइपांतून कसे जाणार?

रस्त्याच्या कडेला, उतार जिथे संपतो त्याच रेषेत, दर 25-30 मीटरवर जाळीचे चेंबर हवे आणि सखल जागी एकाऐवजी दोन. जाळी रस्त्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली बसवावी. चेंबरचा तळ पाइपच्या तळापेक्षा फूटभर खोल ठेवला की रेती तिथे बसते, पाइप मोकळा राहतो. पाइप किमान नऊ इंची घ्यावा. शिवाय बाजूच्या कठड्याला उभी फट ठेवावी, म्हणजे पन्नीने जाळी झाकली तरी पाणी जाते. मे महिन्यातली एक सफाई पुरत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर तळातली रेती पुन्हा काढावी लागते, आणि तीही काठावर न ठेवता त्याच दिवशी उचलावी लागते.

नागरिकांनीही एक चूक थांबवावी. अनेक घरांत गच्चीचा पाइप थेट गडर लाइनला जोडलेला असतो. ती लाइन मैल्यासाठी आहे, जोराच्या पावसात भरली की मैला सखल घरांच्या संडासातून उलटा येतो. तळमजला रस्त्यापेक्षा खाली असेल तर आवारातल्या शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारी, पण उलटे येऊ न देणारी झडप) बसवून घ्यावा आणि जूनआधी उघडून साफ करावा, कारण झडपेत कचरा अडकला की ती मिटत नाही. घाईच्या वेळी संडासाच्या भांड्यात पन्नीत बांधलेली रेतीची पिशवी दाबून ठेवली तरी बराच बचाव होतो.

महापालिकेकडे मागणी एकच. रस्त्याचे अंतिम बिल मंजूर करण्याआधी कनिष्ठ अभियंत्याने वस्तीतल्या लोकांसमोर पाच हजार लिटरचा एक टँकर रस्त्यावर सोडावा. पाणी जिथे थबकेल तिथे खडूने खूण करावी आणि ती जागा कंत्राटदाराकडून दुरुस्त झाल्यावरच सही करावी.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, नागपूर