मला ग्राफिक्स कार्ड घेऊ न देणाऱ्या म्हापशातल्या दादाला

दादा, तुझं नाव टाकलं तर तुला आवडणार नाही म्हणून नुसतं दादा लिहिते. तोंडावर आभार मानले की तू "सोड गो" म्हणतोस आणि विषय बदलतोस, म्हणून आता सगळ्यांसमोरच.

घरच्या मीडिया सर्व्हरला (घरचे व्हिडिओ साठवून सगळ्यांना दाखवणाऱ्या कॉम्प्युटरला) ट्रान्सकोडिंगसाठी, म्हणजे व्हिडिओ बघता बघता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायला, हार्डवेअर ॲक्सलरेशन, म्हणजे ते काम उचलणारी खास चिप, कुठली घेऊ, एनव्हीडियाचं कार्ड, इंटेल की एएमडी, एवढंच मी विचारलं होतं. तू उलट मलाच विचारलंस, बघणार कोण, कशावर बघणार, आणि फायली कसल्या आहेत. हे पत्र खरं म्हणजे त्या तीन प्रश्नांसाठी आहे, कारण बाकी जो भेटला त्याने सरळ कार्डाचं नाव आणि किंमत सांगितली, पण आमच्या घरात बघतात काय हे कोणी विचारलंच नाही.

आमच्याकडे बाबांनी मिनी डीव्ही कॅसेटवर घेतलेली जत्रेतली नाटकं आहेत, गावच्याच मंडळींनी केलेली, त्यातले कितीतरी नट आज नाहीत आणि त्यांच्या घरच्यांकडे त्यांचा आवाजसुद्धा नाही. मग चवथीच्या आरत्या, भजनं, फुगड्या, आणि हल्लीचं सगळं फोनवर घेतलेलं फोर के. बघणारे म्हणजे आजी हॉलमधल्या जुन्या टीव्हीवर, आते दुबईला, भाऊ पुण्यात मोबाईलवर. तू हे सगळं शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, समोरच्या टीव्हीला फाईल आहे तशी समजली तर सर्व्हर ती नुसती पाठवून देतो, त्याला डायरेक्ट प्ले म्हणतात, तिथे जीपीयूला, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपला, कामच नाही. काम कधी निघतं, तर फोनचा व्हिडिओ एचईव्हीसी १० बिट एचडीआर (नवा फॉरमॅट, जास्त रंग आणि उजेडाचा) असतो आणि आजीचा टीव्ही फक्त जुना एच २६४ फॉरमॅट ओळखतो तेव्हा, नाहीतर आतेपर्यंत पाठवायचंय आणि आपल्या लाईनचा अपलोड पुरत नाही तेव्हा. आणि सबटायटल. भावाच्या मुलांना मराठी नाटक कळावं म्हणून मी त्या घालणार होते, तर तू म्हणालास टेक्स्टवाल्या एसआरटी ठेव, चित्रवाल्या नको, कारण त्या बऱ्याचदा पिक्चरमध्येच बर्न कराव्या, म्हणजे चित्रावरच उमटवाव्या, लागतात आणि मग टीव्हीला व्हिडिओ चालत असला तरी सर्व्हर अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करत बसतो. हे मला कोणी सांगितलं नसतं.

मग कुठे हार्डवेअरवर आलास. इंटेलचं क्विक सिंक २०११ पासून, सँडी ब्रिजपासून आहे, व्हिडिओ डीकोड-एन्कोड करायला (उलगडून परत बांधायला) चिपमध्येच वेगळा भाग, त्यामुळे सीपीयू मोकळा राहतो. पण जुना सेकंडहँड पीसी घेणार असशील तर निदान इंटेलची सातवी जनरेशन बघ, १० बिट एचईव्हीसी तिथून नीट चालतं, आणि प्रोसेसरच्या मॉडेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर हात लावू नको, त्यात ग्राफिक्सच नसतं. शेवटी इंटेलच्या एन १०० चिपवाला मिनी पीसी ठरला. ६ वॉटची चिप. एव्ही १ हा आणखी नवा फॉरमॅट डीकोड करते, एन्कोड करत नाही, आणि ते आपल्याला लागतही नाही कारण आजीच्या टीव्हीला एव्ही १ कळतच नाही. एनव्हीडियाला तू वाईट म्हटलं नाहीस हे मला आवडलं. एन्कोडर चांगलाच आहे म्हणालास, साध्या कार्डांवर ड्रायव्हर एकावेळी तीनच एन्कोड करू द्यायचा ते २०२३ मध्ये पाच केले आणि २०२४ मध्ये आठ, पण तुमच्याकडे एकावेळी तिघांनी बघितलं तरी जत्रा, आणि ते कार्ड काम नसतानाही वीज खाणार. पावसाळ्यात आमच्या वाड्यावर लाईट किती वेळा जाते ते तुला माहीत आहे, आता सर्व्हर इन्व्हर्टरवर आरामात तग धरतो. रास्पबेरी पाय ५, तो तळहाताएवढा कॉम्प्युटर, मी विचारला त्यावर एका वाक्यात सांगितलंस, त्यात एच २६४ चा हार्डवेअर एन्कोडरच नाही, सोड. आणि सर्व्हरवर चालवायच्या सॉफ्टवेअरांपैकी प्लेक्सवर हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे भरून पास घ्यावा लागतो, जेलीफिनवर ते फुकट आहे, म्हणून जेलीफिन.

पण सगळ्यात मोठं काम तू बाबांच्या कॅसेटींचं केलंस. त्यावर क्विक सिंक लावूच नको म्हणालास. डीव्ही फॉरमॅट हार्डवेअर डीकोडरला कळत नाही, शिवाय ते इंटरलेस्ड, म्हणजे चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत घेतलेलं, नटाने हात हलवला की रेघा दिसतात. म्हणून मूळ फाईल आहे तशी जपून ठेवायची, आणि एकदाच, सावकाश, सीपीयूवर, डीइंटरलेस करून (त्या रेघा काढून) एक्स २६४ ने, म्हणजे एच २६४ फाईल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने, एक चांगली कॉपी काढायची, रात्रभर लागली तरी लागू दे. बघता बघता जे बदलायचं ते हार्डवेअरने, कायम ठेवायचं ते सॉफ्टवेअरने. आता नाटकं सगळीकडे डायरेक्ट प्ले होतात.

सेटिंगमध्ये टिक केली म्हणजे झालं असं तू मानत नाहीस. डॉकरच्या कंटेनरला (जेलीफिन ज्या वेगळ्या डब्यात चालतं त्याला) डीआरआय डिव्हाईस, म्हणजे ग्राफिक्सची चिप, दिलं का, युजर रेंडर ग्रुपमध्ये आहे का (त्याला ती चिप वापरायची परवानगी आहे का), आणि मग व्हिडिओ चालू ठेवून इंटेल जीपीयू टॉप या चिपचं काम दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओची ओळ वर जाते का, हे तू मला स्वतःला बघायला लावलंस. चवथीचा व्हिडिओ टीव्हीवर फिका, राखाडी दिसत होता, माटोळीची (गणपतीच्या वर टांगलेली) फळंसुद्धा बिनरंगाची, तेव्हा टोन मॅपिंग चालू करून दिलंस आणि ते का लागतं तेही सांगितलंस, की एचडीआरचा उजेड साध्या टीव्हीच्या मापात बसवावा लागतो. तेव्हा कुठे पिवळं पिवळं दिसलं. आजी म्हणाली, हां, आता आमची माटोळी.

आतेने परवा तिच्या सासऱ्यांचं नाटक पूर्ण बघितलं आणि फोनवर बराच वेळ बोललीच नाही. ते तुझ्यापर्यंत पोचायला हवं होतं.

पैसे तू घेतले नाहीस, त्यावर मी आता भांडत नाही. पण गावात कळलंय, आणि मंडळातले लोक आपापल्या घरच्या कॅसेटी आणून देतायत, तेव्हा कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायची तुझी फायरवायरची केबल अजून थोडे दिवस माझ्याकडेच ठेवते.